स्थलांतरितांच्या लहान वर्तुळात एचआयव्हीबद्दल कोणाला सांगावे?

नीरव (धागाकर्ती)

देश सोडून मला नऊ वर्षे झाली आणि एचआयव्ही असल्याचे कळून सात. उपचार लगेच सुरू झाले, सहा महिन्यांत रक्तातील विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तेव्हापासून एकाही अहवालात तो पुन्हा दिसलेला नाही. रोज एक गोळी घेते, कामावर जाते, वर्षातून दोनदा रक्त देऊन येते. प्रकृतीबद्दल माझी काही तक्रार नाही. माझा प्रश्न माणसांचा आहे, आणि तो दवाखान्यात विचारून पाहिला तरी तेथील लोकांना त्याचे नीट आकलन होत नाही, कारण आमच्यासारख्या लहान वर्तुळात राहणे म्हणजे काय, हे त्यांनी अनुभवलेले नाही.

या शहरात आमच्या भाषेची माणसे मोजकीच आहेत. ज्यांनी मला पहिली नोकरी लावून दिली, त्यांच्याच मेव्हण्याच्या घरात मी भाड्याने राहते. खोलीत आणखी दोघी आहेत. त्यांपैकी एक माझ्याच कामावर आहे आणि आम्हा सर्वांचे सरकारी कागद भरून देणारी बाई तिची मावसबहीण आहे. रात्री-अपरात्री ताप आला तर हीच माणसे धावून येतात, हातउसने पैसे हीच देतात, आणि यांच्यापैकी दोघांची नाती थेट माझ्या माहेरच्या गल्लीपर्यंत पोहोचतात. ज्या दोरीला धरून मी उभी आहे, त्याच दोरीवरून बातमीही जाते.

गोळ्यांच्या डबीवरचे नाव मी खरवडून काढले आहे. पिशवीत डबी हलली की गोळ्यांचा खुळखुळ आवाज होतो, म्हणून आत कापूस भरते. सकाळी दोघी उठण्याआधी न्हाणीघराचा नळ सोडून गोळी घेते. हे इतके अंगवळणी पडले आहे की परवा घरात कोणी नसतानाही मी नळ सोडला, आणि ते लक्षात आल्यावर बराच वेळ तेथेच उभी राहिले.

गेल्या काही महिन्यांत आमच्याच लोकांपैकी एका गृहस्थांशी ओळख वाढली आणि त्यांनी मला लग्नाबद्दल विचारले आहे. त्यांना सांगायचे, हे माझे ठरलेले आहे. होकार देण्याआधी सांगायचे, हेही. अडचण त्यानंतरची आहे. ते नाही म्हणाले तर तो त्यांचा अधिकार आहे आणि मी तो मानीन. पण माझी गोष्ट त्यांच्यापाशी राहील, आणि ती पुढे गेली तर मला परत घेता येणार नाही. मग खोलीतल्या दोघींना आधीच सांगून ठेवावे का, म्हणजे त्यांना बाहेरून कळण्याऐवजी माझ्या तोंडून कळेल? देशात थोरली बहीण आहे, तिला सांगावे का? की सात वर्षे जसे चालले तसेच चालू द्यावे? ज्यांनी हे सोसले आहे किंवा जे या कामात आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शुश्रूषा

नीरवताई, मी संसर्गजन्य आजारांच्या विभागात डॉक्टर म्हणून काम करते. सांगण्याचा निर्णय घाबरून घ्यावा लागू नये, यासाठी नेमके कशाला घाबरायचे आणि कशाला नाही, एवढे आधी लिहिते.

२००८ मध्ये स्वित्झर्लंडच्या एड्सविषयक आयोगाने जाहीरपणे म्हटले की, उपचारांमुळे ज्यांच्या रक्तात किमान सहा महिने विषाणू सापडलेला नाही आणि ज्यांना अन्य लैंगिक आजार नाही, त्यांच्याकडून लैंगिक संबंधांतून एचआयव्ही पसरत नाही. तेव्हा या विधानावर मोठी टीका झाली. पुढे २०११ मध्ये १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासातून असे दिसले की लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. आणि २०१६ व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर नावाच्या दोन अभ्यासांत, निरोध न वापरता आलेल्या एक लाखाहून अधिक संबंधांचा हिशेब करूनही, विषाणू न सापडणाऱ्या जोडीदाराकडून दुसऱ्याला लागण झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा व्यक्तीकडून लैंगिक जोडीदाराला असलेला धोका शून्य असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले. गोळ्या नियमित घेणे आणि वेळोवेळी रक्त तपासणे ही त्यातली अट आहे, आणि ती तुम्ही सात वर्षे पाळली आहे.

तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध असा की तुमच्याकडे वेळ आहे. आज सांगितले नाही तर कोणाच्या तरी जिवाला धोका होईल, ही टोचणी मनातून काढून टाका. त्या गृहस्थांना सांगण्याचा तुमचा निर्णय मला योग्य वाटतो, पण दिवस, जागा आणि शब्द तुम्ही निवडू शकता. खोलीतल्या दोघींच्या बाबतीत तर वैद्यकीय प्रश्नच उद्भवत नाही. एका ताटात जेवणे, एकच न्हाणीघर वापरणे, खोकला, डास, मिठी यांतून एचआयव्ही पसरत नाही. उपचार चालू नसले तरीही नाही.

कापसाबद्दल वाचून मला राहवले नाही. काही गोळ्या दमटपणाने खराब होतात आणि त्यांच्या मूळ डबीत ओलावा शोषून घेणारी पुडी असते. ती काढून टाकू नका, आणि गोळ्या दुसऱ्या डबीत भरण्याआधी औषध देणाऱ्यांना विचारा. दर दोन महिन्यांनी घ्यावयाची इंजेक्शनेही आता बऱ्याच देशांत मिळतात. ती सर्वांनाच चालतात असे नाही. पण घरात डबी ठेवावी लागू नये, एवढ्याच कारणासाठी ती मागणारे रुग्ण माझ्याकडे आले आहेत आणि मला ते कारण पुरेसे वाटले आहे.

सरळमार्ग

मला थोडे वेगळे वाटते आणि ते लिहिल्यास कोणी राग मानू नये. एका छताखाली राहणाऱ्यांपासून एवढी मोठी गोष्ट सात वर्षे दडवून ठेवणे मला पटत नाही. परक्या देशात आपण एकमेकांच्या आधाराने राहतो ते विश्वासावर. उद्या त्या दोघींना दुसऱ्या कोणाकडून कळले, तर त्यांना नीरव यांच्या आजाराचे दुःख नंतर होईल, आपल्याला परके मानल्याचे आधी होईल. धोका नाही हे डॉक्टरांचे म्हणणे मान्य करूनही मी म्हणतो की जवळच्यांना कळण्याचा हक्क असतो.

उत्तररात्र

सरळमार्ग, तुमचा हेतू चांगला आहे हे दिसते, म्हणून मोकळेपणाने लिहितो. मीही पूर्वी असाच विचार करत होतो आणि त्या विचारानेच मी माझ्या सर्वांत जवळच्या मित्राला सांगितले.

त्याने माझा विश्वासघात केला असे मी आजही म्हणणार नाही. त्याने ते पत्नीला सांगितले, कारण त्या दिवसांत माझे जेवणावरून मन उडाले होते आणि माझ्याकडे लक्ष द्यायला त्याला कोणीतरी हवे होते. तिने ते आमच्या मुकादमाच्या कानावर घातले, कारण मला ओझी उचलायला लावू नयेत असे तिला वाटले. मुकादमाने वर विचारले की अशा माणसाला हलके काम कसे द्यायचे. तीन आठवड्यांनी कामाच्या जागी चहाचे पेले ठेवतात त्या फळीवर माझ्या पेल्याच्या दांड्याला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली. कोणी काही बोलले नाही. पट्टी मात्र अगदी नीट, कडा जुळवून गुंडाळलेली होती, म्हणजे कोणीतरी त्यासाठी वेळ काढला होता. पुढच्या महिन्यात माझी राहण्याची जागा गेली. कारण असे सांगितले गेले की घरमालकाचे पाहुणे येणार आहेत.

त्या साखळीत वाईट माणूस एकही नव्हता. अशा बातम्या द्वेषाने पसरतात असे आपण धरून चालतो आणि म्हणून प्रेमाच्या माणसाला सांगताना निर्धास्त असतो. माझी बातमी प्रत्येक पायरीला काळजीपोटीच पुढे गेली. मी मित्राला फक्त एवढेच म्हणालो होतो की कोणाला सांगू नकोस. त्याच्या दृष्टीने त्याने ‘कोणाला’ सांगितलेच नव्हते, त्याने माझ्यासाठी मदत मागितली होती. आज सांगायची वेळ आली असती तर मी म्हणालो असतो की, माझ्यासाठी कोणाची मदत घ्यावी असे वाटले, तर कितीही चांगला माणूस असला तरी आधी मला विचार. नीरवताई, हे वाक्य तुम्ही त्या गृहस्थांना अवश्य सांगा.

हक्काबद्दल एकच सांगतो. १९८३ मध्ये, जेव्हा या आजारावर काहीच औषध नव्हते, तेव्हा अमेरिकेतील डेन्व्हर येथे एड्स असलेल्या लोकांनी स्वतः एक जाहीरनामा लिहिला. लैंगिक जोडीदाराला आपल्या प्रकृतीची कल्पना देण्याची नैतिक जबाबदारी त्यांनी त्यात आपणहून घेतली, आणि त्याच कागदावर खासगीपणाचा हक्कही मागितला. जोडीदार आणि इतर सगळे यांच्यामधली ही रेषा मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांनी ओढली आहे. खोलीतल्या मैत्रिणीचे प्रेम मोठे असू शकते, परंतु प्रेमाने हक्क निर्माण होत नाही.

सरळमार्ग

चिकटपट्टीचे वाचून मन सुन्न झाले. हक्क हा शब्द मी मागे घेतो. परकेपणाची जी भावना मी म्हणालो ती मात्र खरी असते आणि सांगणाऱ्याने तिचा विचार करावा, एवढे म्हणणे ठेवतो.

दुभाषी

मी रुग्णालयांत दुभाष्याचे काम करते, कधी समोर बसून, कधी फोनवरून. एकदा मला एका तपासणीसाठी बोलावले होते. दार उघडून आत गेले तर समोर आमच्याच लोकांपैकी एक बाई. तिने माझ्याकडे पाहिले, मग डॉक्टरांना मोडक्या वाक्यात म्हणाली की मला सगळे समजते, दुभाषी नको. तिला समजत नव्हते, हे मला ठाऊक होते, कारण आठवड्यापूर्वीच मी तिला बँकेचे पत्र वाचून दाखवले होते. मी काही न बोलता बाहेर आले आणि विभागाच्या परिचारिकेला इतकेच सांगितले की यांच्यासाठी दुसऱ्या शहरातील फोनवरचा दुभाषी लावा आणि दुभाष्याला यांचे नाव सांगू नका. त्यानंतर ती बाई मला जेथे जेथे भेटली तेथे आम्ही दोघीही त्या दिवसाबद्दल बोललो नाही. गुप्तता पाळणे माझ्या कामाचा भाग आहे, पण तिने माझ्यावर विश्वास का ठेवावा? माझी आई आणि तिची सासू एकमेकींच्या घरी जातात.

म्हणून जे नवीन आहेत त्यांना सांगते: अनेक रुग्णालयांत तुम्ही समोरच्या दुभाष्याला नकार देऊ शकता, फोनवरचा मागू शकता, स्त्री किंवा पुरुष हवा हे सांगू शकता, बाहेरगावचा हवा असेही सांगू शकता. त्यामुळे उपचारात खंड पडत नाही. नवऱ्याला, भावाला किंवा शेजाऱ्याला दुभाषी म्हणून नेणे शक्यतो टाळा, कारण मग सांगायचे की नाही हा निर्णय तुमच्या हाती राहतच नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. दोघींना ‘आधीच सांगून ठेवणे’ मला धोक्याचे वाटते, कारण ते तुम्हाला सांगावेसे वाटते म्हणून नसून गळती होईल या भीतीने आहे, आणि भीतीने सांगितलेले ऐकणाऱ्याला भीतीच देते. इतक्या वर्षांत जे मी पाहिले त्यावरून सांगते की, ज्यांचे सांगणे निभावले त्यांचा एक तरी आधार वर्तुळाच्या बाहेर होता. एकीची नोकरी आपल्या लोकांच्या ओळखीतून आलेली नव्हती. दुसरीला रात्री जाऊन झोपता येईल असे एक घर होते. तिसरी एचआयव्ही असलेल्या लोकांच्या गटात जात असे आणि त्या गटात तिच्या भाषेचे कोणीही नव्हते, जे तिला सोयीचेच होते. तुमच्या लिहिण्यात नोकरी, खोली, कागदपत्रे आणि उसनवारी हे सगळे एकाच दोरीला बांधलेले दिसते. सांगण्याआधी दुसरी दोरी बांधा. त्याला दोन महिने लागले तरी लागू देत.

आणि आपल्या लोकांच्या गप्प राहण्याकडे केवळ अडाणीपणा म्हणून पाहू नये असेही मला वाटते. १९८३ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने हैतीहून आलेल्या लोकांना सरसकट एड्सच्या जोखमीच्या गटात टाकले. १९८५ मध्ये त्यांचे नाव त्या यादीतून काढले, पण तोवर किती जणांच्या नोकऱ्या आणि घरे गेली. १९९० मध्ये त्यांना रक्तदानास मनाई झाली तेव्हा न्यूयॉर्कमध्ये हजारो हैतियन ब्रुकलिन पुलावरून चालत गेले, आणि त्याच वर्षी ती मनाई मागे घ्यावी लागली. असे एकदा झाले की पुढच्या पिढ्याही ‘आपल्यात हा आजार नाही’ असेच म्हणत राहतात, कारण एकाने कबूल केले तर बोट सगळ्यांकडे वळते. त्या भीतीची किंमत मात्र नीरव यांच्यासारखी एकटी माणसे भरतात. ‘बाहेरून आणलेला आजार’ हे तर कित्येकदा खरेही नसते. फ्रान्समध्ये आफ्रिकेतून आलेल्या, एचआयव्ही असलेल्या स्थलांतरितांच्या अभ्यासात २०१५ मध्ये असे समोर आले की त्यांच्यापैकी किमान एक तृतीयांश लोकांना लागण तेथे आल्यानंतर झाली होती, आणि राहायला पक्की जागा नसणे, कागदपत्रे नसणे यांचा त्याच्याशी संबंध होता.

कलमदान

मी वकील आहे. कायदा देशागणिक बदलतो, म्हणून काही उदाहरणेच देतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये असे ठरवले की संसर्गाचा गंभीर धोका असताना जोडीदारापासून एचआयव्ही लपवल्यास त्याने दिलेली संमती रद्दबातल ठरू शकते. २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले की विषाणूचे प्रमाण कमी असेल आणि निरोधही वापरला असेल तर सांगण्याचे बंधन नाही. इंग्लंडमध्ये २००४ च्या एका निकालापासून बेपर्वाईने प्रत्यक्ष लागण केल्यास खटला होऊ शकतो, नुसते न सांगणे हा तेथे गुन्हा नाही. भारताचा २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा, जो सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे, न्यायालयाचा आदेश असल्याखेरीज कोणालाही आपली स्थिती उघड करण्याची सक्ती करता येणार नाही असे म्हणतो. डॉक्टर किंवा समुपदेशकाला काही अटींवरच जोडीदाराला कळवता येते, आणि कळवल्याने हिंसा किंवा परित्याग होईल अशी रास्त भीती असेल, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, तर कळवू नये असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ही शेवटची तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण सांगण्याने मार बसू शकतो हे तिने कायद्याच्या भाषेत मान्य केले आहे.

स्थलांतरितांना दुसरीही चिंता असते. अमेरिकेत एचआयव्ही असलेल्या परदेशी व्यक्तींना प्रवेशबंदी होती. ती १९८७ मध्ये आली आणि जानेवारी २०१० मध्ये उठली. २०१९ मध्येही ४८ देश आणि प्रदेशांत प्रवेश, वास्तव्य किंवा कामाच्या परवान्यावर एचआयव्हीमुळे काही ना काही निर्बंध होते. तेव्हा ज्यांचा परवाना मालकावर किंवा जोडीदारावर अवलंबून आहे, त्यांनी त्या मालकाला किंवा जोडीदाराला सांगण्याआधी, आपले नाव न सांगता, स्थानिक कायदेशीर मदत केंद्रात विचारून घ्यावे. बायकोला परत पाठवण्याची धमकी देण्यासाठी या माहितीचा वापर झालेला मी पाहिला आहे. प्रत्यक्षात तेथे तसा कायदाच नव्हता, पण ते तिला माहीत नव्हते.

पायवाट

माझ्या बाबतीत न सांगताच कळण्याची वेळ आली ती बाळ झाले तेव्हा. भेटायला आलेल्या प्रत्येक बाईने विचारले, अंगावर का पाजत नाहीस? दूध येत नाही म्हणाले तर उपाय सांगायला बसल्या. एकीने तर माझ्या ओल्या पदराकडे बोट दाखवले. मी डॉक्टरांकडे रडले तेव्हा त्यांनी मला एक कारण तयार करून दिले, की मी घेत असलेले एक औषध दुधातून बाळाला जाऊ नये म्हणून पाजायचे नाही. पुढच्या भेटीला आलेल्यांना मी तेवढेच सांगितले, आणि कोणते औषध ते कोणी विचारले नाही. आता उपचार चालू असताना आणि विषाणू तपासणीत सापडत नसताना पाजल्यास बाळाला लागण होण्याचा धोका एक टक्क्यापेक्षा कमी मानतात, तरी तो शून्य नाही, आणि अमेरिकेच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही हा निर्णय आई आणि डॉक्टरांनी मिळून घ्यावा असे आहे. ज्या बायकांवर ही वेळ येणार आहे त्यांनी उत्तर बाळंतपणाआधीच ठरवून ठेवावे. दारात पाहुणे उभे असताना ते सुचत नाही.

मुलीला मी अकराव्या वर्षी सांगितले. तिला स्वतःला लागण नाही, पण मी रोज गोळी का घेते हे ती विचारत होती, आणि तिला दुसऱ्या कोणाकडून कळू नये असे मला वाटत होते. समुपदेशक बाईंनी मला एक गोष्ट समजावली, तिचा फार उपयोग झाला. मुलाला ‘हे गुपित आहे’ म्हटले की त्याला ते लाजेचे वाटते आणि ओझेही होते. ‘हे आपले खासगी आहे’ म्हटले की दार लावून कपडे बदलण्याइतके ते साधे होते. मुलीने विचारले, मावशीला सांगितले तर चालेल का? तिला कोणाशी तरी बोलावेसे वाटणारच होते. म्हणून मी मावशीला आधी सांगितले.

नीरवताई, बहिणीबद्दल तुम्ही विचारले आहे. माझी बहीण फोनवर इतका वेळ गप्प राहिली की मला वाटले फोन तुटला. मग ती म्हणाली, किती दिवस आहेत तुझ्याकडे? आपण देश सोडतो तेव्हा घरच्यांच्या मनात या आजाराचे जे चित्र असते तेच राहते, आणि माझ्या बहिणीच्या मनात १९९६ च्या आधीचे, अनेक औषधांचे एकत्रित उपचार येण्यापूर्वीचे मरणाचे चित्र होते. तेव्हा मी आजाराचे नाव आधी सांगितले आणि गोळीचे नंतर, ही माझी चूक झाली. आधी सांगा की मी धडधाकट आहे, माझी गोळी रोज चालू आहे, माझ्यापासून कोणाला लागण होत नाही. आणि मग नाव सांगा. लांबच्या माणसाला हातांनी काही करता येत नाही, तो नुसता विचार करत बसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करा. तिसऱ्या दिवशीही.

नीरव (धागाकर्ती)

तुम्हा सर्वांचे प्रतिसाद मी अनेकदा वाचले. मध्ये अडीच महिने गेले, त्यामुळे उशिराबद्दल क्षमस्व.

पहिले काम दुसरी दोरी बांधण्याचे केले. रुग्णालयामार्फत चालणाऱ्या गटात जाऊ लागले. तेथे माझ्या भाषेचे कोणी नाही, आणि दुभाषीताई म्हणाल्या तसे त्याने मला हलके वाटले. त्यातल्या एका बाईंनी, गरज पडली तर येऊन राहा, असे स्वतःहून सांगून घराचा पत्ता लिहून दिला आहे. दुसऱ्या एका ठिकाणी अर्धवेळ काम मिळाले आहे, ते कोणाच्याही ओळखीतून नाही. शुश्रूषाताईंनी सांगितल्याप्रमाणे गोळ्या पुन्हा मूळ डबीत ठेवल्या आहेत. कापूस अजून आहे, पण पुडीही आहे.

बहिणीला सांगितले. गोळीचे आधी आणि नाव नंतर, असेच. ती रडली नाही. म्हणाली, तू इतकी वर्षे घरी येण्याचे टाळत होतीस ते यामुळे का? मी हो म्हटले. त्यावर तिने जे विचारले ते फक्त आमचे आहे, म्हणून येथे लिहीत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी फोन मी केला. चौथ्या दिवशी तिचा आला.

त्या गृहस्थांना गेल्या रविवारी सांगितले. कोणाच्या घरी नाही, उघड्यावर एका बाकावर, जेथे दोघांपैकी कोणालाही उठून जाता येईल. त्यांनी मध्ये काही विचारले नाही. माझे सांगून झाल्यावर म्हणाले की मला थोरल्या भावाशी बोलावे लागेल. तेव्हा उत्तररात्र यांचे वाक्य मला जवळजवळ तोंडपाठ असल्यासारखे आठवले आणि मी म्हणाले, माझ्याबद्दल कोणाशी बोलावेसे वाटले तर आधी मला विचारा, आणि आत्ता मी भावासाठी हो म्हणत नाही. तुमच्या मनात जे असेल ते माझ्या डॉक्टरांना विचारा. ते बराच वेळ समोर बघत राहिले आणि मग म्हणाले की डॉक्टरांशी एकट्याने बोलता येईल का, तुमच्यासमोर काही प्रश्न मला विचारता येणार नाहीत. मला ते बोलणे प्रामाणिक वाटले. येत्या गुरुवारची वेळ मिळाली आहे. दुभाषी फोनवरचा आहे, दुसऱ्या शहरातील, आणि त्याला दोघांचीही नावे सांगायची नाहीत असे मी परिचारिकेकडून लिहून घेतले आहे. मी बाहेर बसेन.

खोलीतल्या दोघींना सांगितलेले नाही. सरळमार्ग, परकेपणाबद्दल तुम्ही जे लिहिले ते मनात आहे, आणि त्यांपैकी एकीला कधी तरी सांगेन असे वाटते. पण ते मला सांगावेसे वाटेल त्या दिवशी.